पाचशे डॉलरची खूण

१९९९ साली अमेरिकेत शेव्हरोले कंपनीची कॉर्व्हेट ही स्पोर्ट्स कार घ्यायला गेलेल्या गिऱ्हाइकापुढे जादा सोयींची एक यादी येत असे. गाडीची किंमत चाळीस हजार डॉलरच्या आसपास. त्यावर आणखी जे हवे असेल, त्याच्यापुढे खूण करायची. यादीत ‘अ‍ॅक्टिव्ह हँडलिंग’ अशी एक ओळ होती आणि तिच्यासमोर आकडा होता ५०० डॉलर. अशा यंत्रणेला आज सर्वसाधारणपणे ‘इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल’ म्हणतात. आपण तिला स्थैर्य-नियंत्रण म्हणू.

ही खूण करावी की नाही? चाळीस हजार मोजणाऱ्याला पाचशे जड नसावेत. अडचण वेगळीच होती. स्पोर्ट्स कार घेणारा माणूस स्वतःच्या हातावर भरवसा ठेवून ती घेतो. ‘गाडी मी चालवायची की संगणकाने?’ असे त्याने विचारले, तर ते अगदीच हसण्यावारी नेण्यासारखे नाही. उत्तर शोधायला फळ्याकडेच जावे लागेल.

५० मीटर त्रिज्येचे वळण घ्या. रस्ता कोरडा, सपाट, घर्षण गुणांक ०.८ धरू. लागणारे अभिकेंद्री बल टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षणातूनच मिळायचे. समीकरण मांडले की वस्तुमान दोन्ही बाजूंनी जाते आणि कमाल वेग सेकंदाला सुमारे २० मीटर, म्हणजे ताशी ७१ किलोमीटर येतो. पाऊस पडून गुणांक ०.४ झाला, तर ताशी ५० किलोमीटर. या हिशोबात संगणक कुठेच नाही. स्थैर्य-नियंत्रण घर्षण वाढवत नाही. ताशी ९० च्या वेगाने त्या वळणात शिरलेल्याला ते वाचवू शकणार नाही.

मग त्याचा उपयोग काय? चारही चाकांची पकड एकाच क्षणी सुटत नाही, हे यातले मर्म. पुढची चाके आधी घसरली, तर गाडी वळायचे सोडून सरळ जाऊ लागते. मागची आधी घसरली, तर ती उभ्या अक्षाभोवती गरकन फिरते. टायरपाशी घर्षणाची थैली एकच असते. गाडी पुढे ढकलायला आणि तिला वळणात धरून ठेवायला, दोन्ही खर्च तीतूनच होतात. कॉर्व्हेटसारख्या जोरकस गाडीत इंजिनाची सारी ताकद मागच्या चाकांवर येते. वळणात अ‍ॅक्सिलरेटर जरा जास्त दाबला, की मागची थैली रिकामी! साध्या गाडीपेक्षा इथे धोका अधिक, तो यामुळे.

चाकाला अडकू न देणारी ब्रेकयंत्रणा, म्हणजे एबीएस, बॉश कंपनीने मर्सिडीजच्या मोटारींत १९७८ साली आणली होती. याच दोन कंपन्यांनी १९९५ मध्ये पुढचे पाऊल टाकले. स्टिअरिंग किती वळवले आहे आणि वेग किती आहे, यावरून चालकाला कुठे जायचे आहे ते संगणक ठरवतो. गाडी प्रत्यक्षात किती कोनीय वेगाने फिरते आहे, हे कोरिऑलिस बलावर चालणारा एक संवेदक सांगतो. दोहोंत तफावत पडली की संगणक एकाच चाकाला ब्रेक लावतो. मागची बाजू बाहेर जात असेल तर बाहेरच्या अंगाचे पुढचे चाक, पुढची बाजू जात असेल तर आतल्या अंगाचे मागचे. गरज पडल्यास इंजिनाचा जोरही कमी करतो. चालक कितीही निष्णात असो, त्याच्या पायाखाली चार चाकांना मिळून ब्रेकचा पेडल एकच. एका चाकाला ब्रेक लावणे त्याला शक्यच नाही. कौशल्याचा मुद्दा आमच्या मते इथे संपतो.

तरीही ही सोय ऐच्छिकच राहिली. १९९७ च्या ऑक्टोबरात स्वीडनमध्ये पत्रकारांच्या चाचणीत, अचानक आडव्या आलेल्या प्राण्याला चुकवावे तशी वळवताना मर्सिडीजची छोटी ए-क्लास उलटली आणि कंपनीला ती यंत्रणा या सर्व गाड्यांत बसवावी लागली. ती बिचारी घरगुती गाडी. स्पोर्ट्स कारवर पाळी आली ती ऑडी टीटीच्या रूपाने. १९९८ मध्ये आलेल्या या देखण्या गाडीला युरोपात ताशी १८० किलोमीटरच्या वर एकदम मार्गिका बदलताना किंवा तीव्र वळणावर अपघात झाले, माणसे दगावली. १९९९ च्या अखेरीस आणि २००० च्या आरंभी कंपनीने गाड्या परत बोलावल्या. सस्पेन्शन बदलले, मागची बाजू वाऱ्याने उचलली जाऊ नये म्हणून तिथे पट्टी लावली आणि स्थैर्य-नियंत्रणही दिले.

यंत्रणेने अपघात किती घटले, हे मोजणे वाटते तितके सोपे नाही. जादा पैसे देऊन ती घेणारा मुळातच सावध असेल, तर श्रेय यंत्राचे की माणसाचे? विद्यार्थ्यांना विचारावा असा हा प्रश्न आहे. अमेरिकेतील महामार्ग सुरक्षा विमा संस्थेने २००४ च्या पाहणीत त्यावर तोड काढली. ज्या मॉडेलांत यंत्रणा पुढे सर्वांनाच मिळू लागली, त्यांची तुलना त्यांच्याच आधीच्या वर्षांच्या गाड्यांशी केली. दुसऱ्या वाहनाशी संबंध नसलेले अपघात सुमारे ४१ टक्क्यांनी आणि त्यांतील प्राणघातक सुमारे ५६ टक्क्यांनी कमी निघाले. हे आकडे केवळ स्पोर्ट्स कारचे नव्हेत, हे खरे. पण वरचे घर्षणाचे गणित पाहता त्यांना सूट द्यायला आम्हाला कारण दिसत नाही.

पुढे कायद्यानेच खूण केली. अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलांपासून आणि युरोपीय संघात २०१४ च्या नोव्हेंबरपासून सर्व नव्या मोटारींत ही यंत्रणा सक्तीची झाली. चालकाच्या हातावर सगळे सोपवणारी डॉज व्हायपर १९९२ पासून हिच्याविना विकली जात होती. २०१३ च्या व्हायपरमध्ये तीही आली. अमेरिकी नियम यंत्रणा बंद करण्याचे बटण ठेवू देतो, पण गाडी पुन्हा सुरू करताच ती आपोआप चालू झाली पाहिजे.

कॉर्व्हेटमध्ये ती २००१ पासूनच सर्वांना मिळू लागली होती. त्याआधीची जुनी कॉर्व्हेट आज कोणी घ्यायला गेले, तर दोन आसनांच्या मधल्या भागात अ‍ॅक्टिव्ह हँडलिंगचे बटण आहे का, ते आधी पाहावे. पहिल्या मालकाने पाचशे डॉलर दिले होते की नाही, ते तिथेच कळते.