आधी काडतूस, मग पिस्तूल

२१ डिसेंबर १९०९ च्या रात्री नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात किर्लोस्कर नाटक मंडळींचा ‘संगीत शारदा’चा प्रयोग होता. जिल्हाधिकारी आर्थर जॅक्सन यांची मुंबईला बदली झाली होती आणि निरोपादाखल त्यांना प्रयोगाचे आमंत्रण होते. औरंगाबादेत शिकणाऱ्या अनंत लक्ष्मण कान्हेरे यांनी तिथे त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. कान्हेरे आणि त्यांचे साथीदार कृष्णाजी गोपाळ कर्वे व विनायक नारायण देशपांडे या तिघांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. एवढे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. मारला गेलेला अधिकारी संस्कृतचा व्यासंगी होता, ‘पंडित जॅक्सन’ म्हणून ओळखला जाई, हेही चरित्रकार नोंदवतात. हत्यार मात्र ‘ब्राउनिंग’ या एका शब्दात उरकले जाते. मग कुठे ते पिस्तूल असते, कुठे रिव्हॉल्व्हर. कधी तर एकाच पानावर दोन्ही.

वाचकाने हा गोंधळ इथेच निस्तरून पुढे जावे. रिव्हॉल्व्हरमध्ये काडतुसे फिरत्या चक्रात बसतात आणि रिकाम्या पुंगळ्या तिथेच राहतात. ज्याला आपण अर्ध-स्वयंचलित पिस्तूल म्हणतो ते प्रत्येक बाराची शक्ती थोडी उसनी घेते: रिकामी पुंगळी बाहेर फेकते, मॅगझिनमधले पुढचे काडतूस नळीत सारते आणि पुन्हा चाप ओढला जाण्याची वाट पाहते. एका ओढीला एकच गोळी, म्हणून ‘अर्ध’.

माझ्या मते पिस्तुलांच्या शास्त्रात शिरण्याचा दरवाजा पिस्तूल नव्हे, काडतूस आहे. पिस्तूल हे काडतुसाभोवती बांधलेले यंत्र आहे. काळी दारू जळाली की तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घनरूपात मागे उरतो. ठासणीच्या बंदुकीला ते चालते, कारण माणूस दर वेळी नळी पुसू शकतो. स्वतःच्या बळावर पुढेमागे सरकणारे नाजूक भाग मात्र त्या राखेत चार-दोन बारांतच अडकतील. १८८४ मध्ये पॉल व्येय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने बिनधुराची दारू तयार केली आणि ही अडचण संपली. तिची शक्ती जास्त, म्हणून काडतूस आखूड करता आले. वेग वाढल्यावर नुसत्या शिशाची गोळी नळीत घासून निघू लागली, तेव्हा तिला कठीण धातूचे आवरण चढले. त्या आवरणामुळे गोळी मॅगझिनमधून नळीत न चेपता जाऊ लागली. पिस्तुलाची बहुतेक कोडी अशी काडतुसाच्या कारखान्यात आधी सुटलेली दिसतात.

सुरुवातीची यंत्रे ओबडधोबड होती. ह्यूगो बोर्खार्ट याचे १८९३ चे जर्मन पिस्तूल चालायचे चांगले, पण मागचा अवजड फुगवटा पाहता ते खिशात ठेवण्याची कल्पना करवत नाही. १८९६ च्या माउझरमध्ये दहा काडतुसे पट्टीने वरून भरत. तरुण चर्चिलने १८९८ मध्ये ओमदुरमानच्या लढाईत तेच वापरले. गिऑर्ग लुगर याने बोर्खार्टचेच यंत्र आटोपशीर केले आणि १९०० मध्ये स्विस सैन्याने ते स्वीकारले. या तिघांतही बाराच्या क्षणी नळीचे मागचे तोंड कुलूपबंद राहते, कारण त्यांची काडतुसे जोरकस आहेत. कुलूप आले की भाग वाढतात, किंमत वाढते, आकारही वाढतो.

अमेरिकेतल्या यूटा प्रांतातल्या ऑग्डन गावचा जॉन मोझेस ब्राउनिंग याने इथे वेगळा हिशेब मांडला. काडतूसच इतके माफक ठेवायचे, की कुलूप लागू नये. त्याचे ७.६५ मिलिमीटरचे काडतूस जेमतेम साडेचार ग्रॅमची गोळी सोडते. गोळीला पुढे मिळतो तेवढाच धक्का पुंगळीला मागे बसतो. पण मागे सरकायची स्लाइड गोळीच्या कित्येक पट जड आणि तिला स्प्रिंगचा विरोध. त्यामुळे गोळी नळीबाहेर पडेपर्यंत स्लाइड फारशी हलतच नाही. बाकी काम वजन आणि स्प्रिंग करतात. बेल्जियममधल्या लिएजजवळच्या एफएन कारखान्याने हे पिस्तूल ‘१९०० चा नमुना’ म्हणून बाजारात आणले. त्यात नळीच्या वर बसवलेली एकच स्प्रिंग स्लाइड परत आणते आणि तरफेच्या मदतीने आघात करणाऱ्या सुळ्यालाही जोर देते. यंत्ररचनेची आवड असलेल्याने या एका स्प्रिंगपाशी निवांत थांबावे. मला तरी त्या काळातल्या पिस्तुलांत इतकी काटकसर दुसरीकडे दिसली नाही. सव्वासहाशे ग्रॅम वजन, मॅगझिनमध्ये सात काडतुसे, आणि कोटाच्या खिशात बसेल इतका चपटा आकार.

चपटेपणाचा परिणाम कारखान्याच्या हिशेबाबाहेरचा झाला. १९०४ मध्ये हेलसिंकीत रशियन गव्हर्नर-जनरल बोब्रिकोव्ह आणि २६ ऑक्टोबर १९०९ रोजी हार्बिनच्या रेल्वे स्थानकावर जपानचे माजी पंतप्रधान इतो हिरोबुमी याच नमुन्याच्या पिस्तुलाने मारले गेले. हार्बिननंतर दोन महिन्यांच्या आत नाशिकमध्येही ब्राउनिंगच झाडले गेले.

नाशिकला ते आले कसे, याचे उत्तरही काडतुसातच आहे. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार बाळगता येत नव्हते. तरीही लोहाराकडून ठासणीची बंदूक घडवून घेता येई, दारू घरी कुटता येई. ७.६५ चे काडतूस मात्र कोणत्याही लोहाराच्या भात्यावर होत नाही. पितळेची ठरावीक मापाची पुंगळी, तिच्या बुडातली स्फोटक टोपी, मोजून भरलेली बिनधुराची दारू या तिन्हींना कारखानाच लागतो. काडतुसांवाचून ब्राउनिंग म्हणजे सव्वासहाशे ग्रॅम पोलाद. म्हणून १९०९ च्या आरंभी विनायक दामोदर सावरकरांनी लंडनहून पाठवलेल्या वीस ब्राउनिंग पिस्तुलांबरोबर काडतुसेही आली. तिथल्या हिंदी विद्यार्थ्यांच्या ‘इंडिया हाउस’ या वसतिगृहाचा स्वयंपाकी चतुर्भुज अमीन याच्या पेटीच्या दुहेरी तळात ती दडवलेली होती. चतुर्भुज पुढे माफीचा साक्षीदार झाला. त्या मालातलेच पिस्तूल जॅक्सनवर चालले, असे सरकारचे म्हणणे न्यायाधीशांनी मानले आणि ३० जानेवारी १९११ रोजी खुनाला साहाय्य केल्याबद्दल सावरकरांना दुसरी जन्मठेप झाली. क्रांतीच्या इतिहासात या पेटीला जागा मिळाली ती शौर्यकथेतली. पुरवठ्याचा प्रश्न म्हणून तिच्याकडे क्वचितच पाहिले जाते, आणि ही उणीव मला खटकते.

ब्राउनिंगची काडतुसे त्याच्या पिस्तुलांहून दीर्घायुषी ठरली. १९४८ मध्ये महात्मा गांधींवर चाललेले बेरेटा इटालियन होते, पण त्यातले ९ मिलिमीटर आखूड काडतूस ब्राउनिंगचेच. आणि आज भारतात परवानाधारकाला मिळणारे सरकारी कारखान्याचे ‘पॉइंट बत्तीस’ पिस्तूल? त्याचे काडतूस म्हणजे तेच १९०० च्या नमुन्यातले ७.६५.

या नावांवर मात्र विसंबू नका. ‘पॉइंट बत्तीस’च्या गोळीचा व्यास मोजला तर ०.३१२ इंच भरतो. शिवाय ‘बत्तीस’ नावाचे रिव्हॉल्व्हरचे काडतूस वेगळे. त्याची पुंगळी लांब असते आणि तिच्या बुडाला बाहेर आलेली कड असते. ब्राउनिंगच्या पुंगळीची कड जेमतेम नखाला लागते, कारण मोठी कड मॅगझिनमध्ये शेजारच्या काडतुसात अडकेल. संग्रहालयात काचेआड काडतूस दिसले तर आधी त्याचे बूड पाहा. तिथे ‘केएफ’ ही रोमन अक्षरे असली तर ते १८६९ मध्ये सुरू झालेल्या खडकीच्या कारखान्यातले. बुडावरच्या खुणा वाचण्याची रीत या पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात दिली आहे. पिस्तुलांची चित्रे तिसऱ्या प्रकरणापासून सुरू होतात.