पॉइंट २२ रायफल : अचूकता काडतुसांच्या निवडीत

कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक पटकावले. या प्रकारात ५.६ मिलिमीटर, म्हणजेच पॉइंट २२ रायफल वापरतात. लक्ष्यावरील १० गुणांचे वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. या काडतुसाचे ठिणगी देणारे मिश्रण बुडाच्या कडेत भरलेले असल्याने ते मोठ्या काडतुसांप्रमाणे सहजी पुन्हा भरता येत नाही. शिवाय शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्याविना काडतुसे बनवण्यास मनाई आहे. त्यामुळे नेमबाज कारखान्यातील निरनिराळ्या लॉटची काडतुसे स्वतःच्या रायफलीतून झाडून पाहतात. ज्या लॉटच्या गोळ्या सर्वांत कमी जागेत पडतात, तोच स्पर्धेसाठी राखला जातो. नळी बदलल्यास ही चाचणी नव्याने करावी लागते.