ट्रॅक्टर कधी सुरू होतो, कधी होत नाही! मिनी ट्रॅक्टरच्या वायरिंगमधला लपलेला बिघाड कसा शोधायचा?

सकाळी एका किल्लीत सुरू झालेला मिनी ट्रॅक्टर दुपारी बांधावर नुसता 'टक' आवाज करून गप्प बसतो. मेकॅनिक येतो, किल्ली फिरवतो आणि ट्रॅक्टर लगेच सुरू होतो! मग अंदाजाने बॅटरी बदलली जाते आणि पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. द्राक्षबागेत फवारणीची वेळ साधायची असते, तेव्हा असा एक दिवस वाया जाणं महागात पडतं.

अशा बिघाडात अनेकदा कुठलाही महागडा पार्ट खराब झालेला नसतो. सैल नट, गंजलेलं टर्मिनल किंवा घासलेली वायर एवढंच कारण असू शकतं. ते शोधायचं कसं, हे समजून घेऊया.

बिघाड येतो-जातो कशामुळे?

तुटलेली वायर कायम बंद असते. पण अर्धवट जोडलेली वायर धक्क्याने, उष्णतेने किंवा ओलाव्याने कधी चिकटते, तर कधी सुटते. मिनी ट्रॅक्टरमध्ये हे जास्त होतं, कारण जागा कमी असल्याने वायरिंग गरम इंजिनजवळून आणि पत्र्याच्या कडांवरून गेलेलं असतं. त्यात बागेतल्या औषधांची भर पडते. बोर्डो मिश्रणात मोरचूद असतं आणि त्यामुळे धातूचे जोड लवकर गंजतात. शेडमध्ये उभ्या ट्रॅक्टरची वायर उंदीरही कुरतडतात.

'दिवे लागतात, म्हणजे बॅटरी ठीक आहे' हे खरं आहे का?

नाही. हेडलाइटच्या दोन दिव्यांना साधारण ९-१० अँपिअर करंट लागतो. स्टार्टरला मात्र शंभर-दोनशे अँपिअर किंवा त्याहूनही जास्त लागतो. समजा, गंजलेल्या जोडात फक्त ०.०१ ओहम अडथळा आहे. दिव्यांसाठी तिथे ०.१ व्होल्ट वाया जाईल आणि फरक दिसणारही नाही. पण १५० अँपिअर ओढणाऱ्या स्टार्टरसाठी त्याच जागी १.५ व्होल्ट वाया जातील. म्हणून दिवे लख्ख दिसतात, पण सेल्फ फिरत नाही.

आधी आवाज ऐका

किल्ली फिरवल्यावर काय होतं, यावरून शोधाची दिशा कळते.

- टक-टक-टक असा भराभर आवाज: बॅटरी उतरलेली किंवा बॅटरीचं टर्मिनल सैल.
- एकच मोठा 'टक': सोलेनॉइडला करंट मिळतोय, पण स्टार्टरपर्यंत पुरेसा पोहोचत नाही. जाड केबल, अर्थिंग, सोलेनॉइडचे आतले पॉइंट किंवा स्टार्टरचे कार्बन तपासावे लागतील.
- काहीच आवाज नाही, पण डॅशबोर्डचे दिवे चालू: किल्लीचा स्विच, फ्यूज, रिले, सोलेनॉइडची बारीक वायर किंवा सेफ्टी स्विच.
- डॅशबोर्डसह सगळंच बंद: बॅटरीचं टर्मिनल, मुख्य फ्यूज किंवा मुख्य अर्थिंग.

सोबत एक वही ठेवा. बिघाड आला की इंजिन गरम होतं की थंड, ट्रॅक्टर धुतला होता का, खड्ड्यात आदळला का, एवढं लिहा. चार-पाच नोंदींत मेळ दिसू लागतो. गरम झाल्यावरच त्रास होत असेल तर सोलेनॉइड किंवा रिले. धुतल्यावर होत असेल तर कपलर. धक्क्याने होत असेल तर सैल जोड, असा अंदाज बांधता येतो.

मल्टिमीटरने काय तपासायचं?

साधा डिजिटल मल्टिमीटर या कामाला पुरतो. तपासण्याआधी गिअर न्यूट्रल, हँडब्रेक लावलेला आणि पीटीओ बंद असावा.

1. बॅटरी: ट्रॅक्टर काही तास बंद असताना पूर्ण चार्ज बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. १२ व्होल्टच्या आसपास असेल तर ती उतरलेली आहे. आधी चार्ज करा.
2. सेल्फ मारताना: इंजिन बंद करण्याची दांडी ओढून धरा, म्हणजे इंजिन सुरू न होता फक्त फिरेल. व्होल्टेज ९.६ च्या बरंच खाली जात असेल, तर बॅटरीवर संशय घ्या.
3. अर्थिंग: मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरी इंजिनच्या स्वच्छ धातूवर ठेवा आणि कुणाला तरी सीटवर बसून सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टपर्यंत ठीक. ०.५ च्या वर गेलं तर अर्थिंगचा जोड खराब आहे.
4. चार्जिंग: इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट हवेत. १२.५ च्या आसपासच राहत असेल, तर अल्टरनेटर, त्याचा बेल्ट किंवा रेग्युलेटर तपासा.

त्यानंतर किल्ली ऑन ठेवून, इंजिन बंद असताना, वायरिंग हाताने थोडं थोडं हलवत जा. ज्या जागी दिवा लुकलुकतो किंवा मीटरचा आकडा उडतो, तिथेच दुखणं आहे.

दुरुस्ती कशी करायची?

बॅटरी सोडवताना निगेटिव्ह आधी काढा आणि जोडताना ती शेवटी लावा. पाना चुकून बॉडीला लागला तरी ठिणगी पडत नाही. चार्जिंग होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, म्हणून जवळ विडी-सिगारेट नको.

टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी खाण्याचा सोडा मिसळलेल्या पाण्याने धुवा. हे पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. मग पॉलिश पेपरने घासून नट घट्ट करा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. अर्थिंगच्या वायरखालचा रंग आणि गंजही खरवडून काढा. रंगावर कसलेला नट दिसायला घट्ट असतो, पण करंट नीट जात नाही.

वायर नुसती पिळून टेप गुंडाळू नका, असाच जोड पुढच्या पावसाळ्यात पुन्हा दगा देतो.

या तीन गोष्टी कधीच करू नका

स्क्रूड्रायव्हरने स्टार्टर शॉर्ट करणं. चाकाजवळ उभं राहून असं केलं की न्यूट्रल आणि क्लचचे सेफ्टी स्विच बाजूला पडतात. ट्रॅक्टर गिअरमध्ये असेल, तर तो सुरू होताच माणसाच्या अंगावर जातो.

सेफ्टी स्विच कायमचा जोडून टाकणं. क्लच, पीटीओ किंवा सीटखालचा स्विच खराब असेल तर तो बदला. शोधासाठी तात्पुरता जोडलेला स्विचही नंतर विसरला जातो.

फ्यूजऐवजी तार लावणं. फ्यूज पुन्हा पुन्हा जात असेल, तर कुठेतरी वायर बॉडीला लागते आहे. तार लावली की फ्यूजऐवजी वायरिंग जळतं आणि आग लागू शकते.

वायरमनला कधी बोलवायचं?

जोड साफ आहेत, बॅटरी आणि अर्थिंगचे आकडे ठीक आहेत, तरीही त्रास सुरू असेल, तर स्टार्टर किंवा अल्टरनेटर उघडून पाहावा लागेल. ते काम जाणकार वायरमनकडेच द्या. मात्र जाताना वहीतल्या नोंदी आणि मीटरचे आकडे सोबत न्या. त्याचा अंदाज घेण्याचा वेळ वाचेल आणि तुमचा विनाकारण बदललेल्या पार्टचा खर्च टळेल.