बहिणीची किडनी आणि सुटकेची अट

आज आम्ही तुम्हाला दोन बहिणींची गोष्ट सांगणार आहोत. गोष्ट अमेरिकेतली आहे, तुरुंगातली आहे. पण ऐकून झाल्यावर तुम्हाला आपलं घर आठवेल, असं आम्हाला वाटतं.

अमेरिकेच्या दक्षिणेला मिसिसिपी नावाचं राज्य आहे. तिथे १९९३ च्या डिसेंबरमध्ये, नाताळच्या आदल्या दिवशी, रस्त्यावर दोन माणसांना लुटलं गेलं. लूट किती? अवघे अकरा डॉलर, असं तेव्हापासून सांगितलं जातं. लुटणारी तीन पोरं पकडली गेली. जेमी आणि ग्लॅडिस स्कॉट या दोन कृष्णवर्णीय बहिणींनीच हा कट रचला, असं सरकारचं म्हणणं होतं. बहिणींनी ते कधीच कबूल केलं नाही. पोरं थोड्या वर्षांत सुटली. या दोघींना मात्र १९९४ मध्ये प्रत्येकी दोन जन्मठेपा झाल्या. घरी लहान लेकरं होती. ती आजीनं वाढवली, आणि तीच म्हातारी आई लेकींसाठी वर्षानुवर्षं दारोदार फिरत राहिली.

तुरुंगात सोळा वर्षं गेली. २०१० मध्ये जेमीच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. डायलिसिस सुरू झालं. त्याचा सरकारला वर्षाला सुमारे दोन लाख डॉलर खर्च येत होता. ग्लॅडिस म्हणाली, माझी एक किडनी मी बहिणीला देते. सुटकेच्या अर्जातही तिनं तसं लिहिलं. डिसेंबर २०१० मध्ये तिथल्या गव्हर्नरनं दोघींची शिक्षा स्थगित केली. पण जेमी सुटली ती तिच्या आजारपणामुळे, आणि ग्लॅडिसच्या सुटकेला अट घातली गेली: वर्षभरात बहिणीला किडनी द्यायची.

इथे आपण जरा थांबू या. ग्लॅडिसला किडनी द्यायचीच होती. मग अट कशाला? बहिणीनं प्रेमानं जे पुढे केलं, ते सरकारनं हुकुमात लिहिलं. उद्या तिचं मन बदललं, किंवा डॉक्टर नाही म्हणाले, तर काय? पुन्हा कोठडी? तेव्हा डॉक्टरांनी आणि कायद्याच्या जाणकारांनी हाच सवाल केला. कारण अवयवाच्या बदल्यात मोलाची वस्तू द्यायची नाही, असा अमेरिकेत १९८४ पासून कायदा आहे. आणि कैद्याला सुटकेपेक्षा मोलाचं दुसरं काय असणार?

या प्रश्नाची मुळं जुनी आहेत. माणसाची किडनी दुसऱ्याच्या अंगात पहिल्यांदा नीट चालली ती १९५४ मध्ये, बोस्टन शहरात. देणारा आणि घेणारा जुळे भाऊ होते. म्हणजे ही विद्या सुरूच झाली भावंडांच्या मायेतून. पुढे १९७६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की कैद्याच्या गंभीर आजाराकडे जाणूनबुजून काणाडोळा करणं ही क्रूर शिक्षाच आहे. म्हणून २००२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका कैद्याला नवं हृदय बसवलं, तेव्हा लोक चिडले, पण डॉक्टर ठाम राहिले: रोगी हा रोगी असतो. आम्हालाही ते पटतं. शिक्षा कोर्टानं द्यायची, ती आजारानं द्यायची नसते.

घेण्याची बाजू ही अशी. देण्याची बाजू जास्त अवघड. चीनमध्ये अनेक वर्षं मृत्युदंड दिलेल्या कैद्यांचे अवयव काढले जात. जगभरातून टीका झाली, आणि १ जानेवारी २०१५ पासून हे बंद करतो असं तिथल्या यंत्रणेनं जाहीर केलं. ते खरंच किती थांबलं, यावर अजून वाद आहे. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात प्रस्ताव आला, की अवयव किंवा अस्थिमज्जा देणाऱ्या कैद्याला साठ दिवसांपासून वर्षापर्यंत सूट द्यावी. खूप टीका झाली, आणि तो कायदा झाला नाही.

आता आपल्याकडे वळू. आपला अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ चा. गोवा, हिमाचल प्रदेश आणि महाराष्ट्र या तीन राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव केले, म्हणून संसदेनं तो केला. त्याआधी गरिबांच्या किडन्या सर्रास विकल्या जात होत्या. आता अवयव विकणं आणि विकत घेणं दोन्ही गुन्हा आहे. जवळच्या नात्याबाहेरच्या कोणी अवयव द्यायचा असेल, तर समितीची परवानगी लागते. याच कायद्यात तुरुंगाचाही उल्लेख आहे: रुग्णालयात किंवा तुरुंगात मृत्यू झाला आणि अठ्ठेचाळीस तासांत नातेवाइकांनी देह मागितला नाही, तर तिथला प्रमुख अवयव काढायला परवानगी देऊ शकतो. ज्याला घरच्यांनी टाकलं, त्याच्या देहाबद्दल असं दुसरंच कोणी ठरवतं.

मैत्रिणींनो, आपण तुरुंगात नाही. पण आपल्या देशात जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बायका जास्त आणि घेणाऱ्यांत पुरुष जास्त, हे सगळ्यांना माहीत आहे. नवऱ्याला हवी, बायको देते. मुलाला हवी, आई देते. मनापासून देते, त्यात शंका नाही. पण तिला कोणी विचारलं का? "तो कमावता आहे, तू घरीच असतेस," असं सासरी म्हटल्यावर नाही म्हणायची जागा उरते का?

म्हणूनच २०१४ च्या नियमांत खास तरतूद आहे. देणारी बाई असेल, तर जास्त काळजी घ्यायची, आणि तिची संमती खरोखर तिची आहे का, हे अवयव घेणाऱ्याखेरीज दुसऱ्या कोणीतरी तपासायचं. हा नियम लक्षात ठेवा. तुमच्या गटातल्या कोणावर अशी वेळ आली, तर तिच्यासोबत रुग्णालयात जा. डॉक्टरांना सांगा, हिच्याशी एकटीशी बोला.

त्या बहिणींचं पुढे काय झालं? जानेवारी २०११ मध्ये दोघी सुटून आईकडे गेल्या. डॉक्टरांनी दोघींना आधी वजन कमी करायला सांगितलं. अटीतलं वर्ष उलटलं, शस्त्रक्रिया झाली नाही, आणि ग्लॅडिसला कोणी परत तुरुंगात नेलं नाही. मग ती अट घातलीच का होती?

देणारीला नाही म्हणता येत असेल, तरच ते दान. घरात असो की तुरुंगात.