जो ठिपका जळतो, तो झिजतो
परवा भाच्यानं विचारलं, "मामा, पगारातून पैसे साठवलेत. गेम खेळायला ओएलईडी मॉनिटर घेऊ का?"

मी काशीत राहतो, त्यामुळे मला आधी पंचगंगा घाटावरचा दगडी हजारा दीपस्तंभ आठवला. तो अहिल्याबाई होळकरांनी उभारला असं सांगतात. देवदिवाळीला त्यावरची पणती न् पणती स्वतः उजळते. जी लावली नाही, तिथे निव्वळ काळोख.

ओएलईडीचं तसंच आहे. एलसीडीत पडद्यामागे दिवे सतत चालू असतात, म्हणून अंधाऱ्या खोलीत काळा रंगही करडा वाटतो. ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो, स्वतः विझतो, तोही क्षणार्धात. १९८७ साली कोडॅकमधल्या चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी याचा पाया घातला. २००७ मध्ये सोनीनं ११ इंची ओएलईडी टीव्ही विकायला आणला.

पण जो जळतो, तो झिजतो. जुन्या काचेच्या नळीच्या पडद्यावर एकच चित्र फार वेळ राहिलं की त्याचा कायमचा डाग पडे. स्क्रीनसेव्हर आला तो त्यावर उपाय म्हणून. ओएलईडीबरोबर ती काळजी परत आली.

भाचा दिवसभर त्याच पडद्यावर हिशेबाचे तक्ते मांडतो, गेम रात्री तासभर. मी म्हटलं, "नुसता खेळायला हवा असता, तर घे म्हटलं असतं. देवदिवाळीच्या पणत्या एक रात्र जळतात. तुझे ठिपके रोज आठ तास, एकाच जागी जळणार. सध्या चांगला एलसीडीच घे."