द विनर टेक्स इट ऑल

'द विनर टेक्स इट ऑल' हे आब्बा या स्वीडिश पॉप संगीतगटाचे इंग्रजी गीत आहे. ते २१ जुलै १९८० रोजी एकल तबकडीच्या स्वरूपात प्रकाशित झाले आणि त्याच वर्षीच्या 'सुपर ट्रूपर' या अल्बममध्ये समाविष्ट करण्यात आले. ब्यॉर्न उल्व्हेउस आणि बेनी अँडरसन हे त्याचे रचनाकार असून मुख्य स्वर अग्नेथा फेल्टस्कोग यांचा आहे. पतीने लिहिलेले विरहगीत त्याच्यापासून विभक्त झालेल्या पत्नीने गायले, म्हणून ते सर्रास आत्मचरित्रात्मक मानले जाते. गीतकाराला मात्र हे मत पूर्णपणे मान्य नाही.

पार्श्वभूमी

उल्व्हेउस व फेल्टस्कोग यांचा विवाह १९७१ मध्ये झाला. त्यांना दोन अपत्ये आहेत. १९७९ च्या प्रारंभी त्यांनी विभक्त होत असल्याचे जाहीर केले. गटातील काम मात्र दोघांनीही सुरू ठेवले. ताटातुटीचा विषय आब्बाला नवा नव्हता. मोडलेल्या संसाराचे चित्र रंगवणारे 'नोइंग मी, नोइंग यू' हे गीत १९७६ मध्ये, म्हणजे गटातील दोन्ही जोडपी एकत्र असतानाच ध्वनिमुद्रित झाले होते. गीतातील प्रत्येक दुःख गीतकाराने भोगलेले असतेच असे नाही, याचे हे बोलके उदाहरण होय.

रचना व ध्वनिमुद्रण

चाल १९८० च्या उन्हाळ्यात स्टॉकहोमजवळच्या द्वीपसमूहातील विग्सो बेटावर तयार झाली. प्राथमिक मसुद्याचे नाव 'द स्टोरी ऑफ माय लाइफ' असे होते आणि त्याची लय अधिक वेगवान होती. पुढे अँडरसन यांना पियानोवरील उतरती स्वरावली सुचली आणि गीताला त्याचे आजचे रूप लाभले. नमुना ध्वनिमुद्रणात उल्व्हेउस यांनी फ्रेंचसारखे वाटणारे निरर्थक शब्द गायले होते. त्यानंतर मद्याची बाटली जवळ घेऊन साधारण तासाभरात आपण शब्द लिहून काढले, असे त्यांनी सांगितले आहे. ध्वनिमुद्रण स्टॉकहोम येथील पोलार स्टुडिओत झाले.

सांगीतिक बांधणी अत्यंत साधी आहे. दोनच स्वरवाक्ये संपूर्ण गीतभर आलटून पालटून येतात. चाल तीच राहत असल्याने बदल घडवण्याची जबाबदारी वाद्यमेळावर आणि त्याहून अधिक गायिकेवर पडते. आवाज कधी आवरलेला, कधी उंच स्वरात मोकळा सुटणारा, तर अखेरीस पुन्हा खाली उतरणारा असा ऐकू येतो. गीताच्या परिणामाचे खरे श्रेय या गायनाला द्यावे लागते.

आशय

गीतातील स्त्री पूर्वीच्या जोडीदाराला उद्देशून बोलते. पत्त्यांचा डाव, देवांनी टाकलेले फासे आणि पंचांचा निवाडा या खेळाच्या प्रतिमांतून प्रेमातील हार मांडली आहे. मधल्या कडव्यात ती त्याच्या नव्या सहचारिणीविषयी विचारते. शेवटी स्वतःच्या अस्वस्थतेबद्दल क्षमा मागते. निवेदक हरलेली स्त्री असली तरी तिचे शब्द पुरुषाने लिहिलेले आहेत, हा पेच श्रोत्यांना आजही खुणावतो. आपल्या घटस्फोटात कोणीही विजेता नव्हता, अनुभव खरा असला तरी कथा कल्पित आहे, असे उल्व्हेउस यांनी अनेकदा स्पष्ट केले आहे. फेल्टस्कोग यांनी हे आपले अत्यंत आवडते आब्बा गीत असल्याचे म्हटले आहे.

चित्रफीत

लासे हालस्ट्रोम यांनी जुलै १९८० मध्ये स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावरील मार्स्ट्रांड येथे चित्रफितीचे चित्रीकरण केले. घटस्फोट त्यावेळी नुकताच कायदेशीररीत्या पूर्ण झाला होता. एकट्या फेल्टस्कोग व हसतखेळत बसलेले उर्वरित सदस्य असा विरोध तीत दिसतो. आत्मचरित्राचा समज दृढ होण्यास शब्दांइतकीच ही चित्रफीतही कारणीभूत आहे.

प्रतिसाद व पुढील वापर

ऑगस्ट १९८० मध्ये गीत ब्रिटनमध्ये प्रथम क्रमांकावर पोहोचले. तेथील आब्बाचे ते आठवे अग्रस्थानी पोहोचलेले गीत होते. अमेरिकेतील 'बिलबोर्ड हॉट १००' यादीत त्याने १९८१ मध्ये आठवे स्थान गाठले.

१९८१ मध्येच अँडरसन आणि आनी-फ्रीड लिंगस्टाड हे दुसरे जोडपेही विभक्त झाले. त्यांच्या ताटातुटीवर आधारलेले 'व्हेन ऑल इज सेड अँड डन' हे उल्व्हेउस यांनीच लिहिले आणि लिंगस्टाड यांनी गायले. 'मामा मिया!' या १९९९ च्या संगीतिकेत 'द विनर टेक्स इट ऑल' नायिका डोनाच्या तोंडी येते. २००८ च्या चित्रपटात ते मेरिल स्ट्रीप यांनी गायले. तेथे घटस्फोटाचा संदर्भ उरत नाही. डोना ते अनेक वर्षांपूर्वी आपल्याला सोडून गेलेल्या प्रियकराला उद्देशून गाते.