वाळवी, मुळांवरचे जीवाणू आणि पन्नास वर्षांचं अपयश

संशोधनाचा विषय शोधताना आपण बहुतेक वेळा एवढंच बघतो की यात आजवर काय काय जमलं. काय जमलं नाही आणि का जमलं नाही, हे वाचायचं राहून जातं. म्हणून आज एका अपयशाचा इतिहास सांगतो. विषय आहे झाडांच्या मुळांवर राहणाऱ्या जीवाणूंचा वाळवीविरुद्ध वापर.

सुरुवात रसायनांपासून करू. १९४८ पासून अमेरिकेत क्लोरडेन बाजारात होतं. जमिनीत एकदा टाकलं की वर्षानुवर्षं टिकायचं आणि वाळवीसाठी हाच त्याचा मोठा गुण मानला जायचा. पण जे जमिनीत टिकतं ते अन्नसाखळीतही टिकतं. १९८३ पासून त्याचा वापर फक्त वाळवीपुरता उरला आणि १९८८ मध्ये तोही थांबला. २००१ च्या स्टॉकहोम करारात आल्ड्रिन, डिएल्ड्रिन, क्लोरडेन आणि हेप्टाक्लोर ही चारही नावं आली. भारतातही त्यांच्यावर बंदी आली. ऊस, भुईमूग, गहू यांना लागणारी वाळवी मात्र होती तिथेच राहिली. म्हणजे पर्यायाची गरज खरीखुरी होती.

आता दुसरा धागा. १९०४ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ लॉरेन्झ हिल्टनर यांनी मुळांभोवतीच्या मातीच्या पट्ट्याला 'रायझोस्फिअर' हे नाव दिलं. मुळांतून पाझरणाऱ्या साखरेवर आणि आम्लांवर इथे जीवाणूंची दाट वस्ती असते. त्यातले काही मुळाच्या आत शिरून राहतात, त्यांना एंडोफाइट म्हणतात. काही पृष्ठभागावरच राहतात. दोघांमधली सीमारेषा वाटते तितकी पक्की नसते, पण प्रबंधात आपण नेमकं कोणाबद्दल बोलतोय हे सांगावंच लागतं.

स्वित्झर्लंडमधल्या तंबाखूच्या एका शेतातून 'स्यूडोमोनास फ्लुओरेसेन्स सीएचए०' हा जीवाणू मिळाला. तो तंबाखूची काळी मूळकूज रोखायचा. कशाच्या जोरावर? तो हायड्रोजन सायनाइड तयार करतो, हे माहीत होतं. पण सायनाइड तयार होतं आणि रोग थांबतो, एवढ्याने एकामुळे दुसरं होतं असं सिद्ध होत नाही. १९८९ मध्ये व्हॉइझार्ड आणि सहकाऱ्यांनी सायनाइडची जनुकं काढून टाकली, तेव्हा संरक्षण घटलं. जनुकं परत घातली, तेव्हा संरक्षणही परत आलं. कार्यकारण कसं दाखवायचं, हे शिकायला यापेक्षा स्वच्छ उदाहरण मला तरी सापडलेलं नाही.

मग साहजिकच प्रश्न आला की हेच सायनाइड वाळवीवर चालेल का? २००७ मध्ये दिल्ली विद्यापीठातल्या एका गटाने सायनाइड बनवणारे तीन प्रकारचे मूळवासी जीवाणू 'ओडोन्टोटर्मिस ओबेसस' या आपल्याकडच्या वाळवीवर प्रयोगशाळेत वापरून पाहिले. वाळवी मेली. २००९ मध्ये त्यांनी सीएचए० घेऊन यंत्रणा दाखवली. सायनाइड पेशीतल्या सायटोक्रोम सी ऑक्सिडेज या एन्झाइमला अडवतं, त्यामुळे ऑक्सिजन असूनही पेशीला तो वापरता येत नाही. काम नेटकं आहे, त्यात वाद नाही.

पण प्रयोगशाळेतल्या बंद भांड्यातून वारुळापर्यंतचा रस्ता लांब आहे. २०११ मध्ये शूवेंक, सू आणि ग्रेस यांनी वाळवीच्या जैविक नियंत्रणाच्या पन्नास वर्षांचा आढावा घेतला आणि शीर्षकातच त्याला अपयश म्हटलं. बुरशी, जीवाणू, सूत्रकृमी, सगळं आजमावून झालं होतं. त्यांचा मुख्य मुद्दा असा की थाळीतल्या मूठभर वाळवीवरून अख्ख्या वसाहतीबद्दल आशावादी निष्कर्ष काढले गेले. (सू हे वाळवीच्या आमिष पद्धतीचे जनक. आढावा वाचताना लिहिणारा कोण आहे, हेही बघावं.)

वसाहतीत वाळवी एकटी नसते. कामकरी एकमेकींना चाटून बीजाणू काढून टाकतात, मेलेल्यांना गाडतात, धोका जाणवला की शरीर थरथरवून इतरांना सावध करतात. त्यात २०१३ मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आली. फॉर्मोसन वाळवीच्या विष्ठेपासून बनलेल्या घरट्यात स्ट्रेप्टोमायसिस जीवाणू वाढतात आणि ते तिला रोगकारक बुरशीपासून वाचवतात. आपण जीवाणू घेऊन लढायला निघालो, तर तिच्याकडे आधीपासूनच जीवाणू होते!

आणखी एक अडचण आहे. सायनाइड काही वाळवी ओळखत नाही. गांडुळांनाही ते विषच. म्हणूनच दिल्लीच्या गटाने असे जीवाणू थेट वारुळात सोडण्याचा विचार मांडला होता. आणि प्रत्येक वाळवी शत्रू नसते. सुमारे तीन हजार जातींपैकी पिकाला किंवा घराला त्रास देणाऱ्या थोड्याच आहेत. कोकणात, गोव्यात पावसाळ्यात वारुळांवर उगवणारी अळंबी, म्हणजे टर्मिटोमायसिस, ही वाळवीनेच वारुळात जोपासलेली शेती.

मग या विषयात काम करूच नये का? जरूर करावं, पण पुढचा प्रश्न घेऊन. 'माझ्या जीवाणूने थाळीत किती टक्के वाळवी मेली' हा प्रश्न आता जुना झाला. जीवाणू वारुळात किती दिवस जगतो? घरट्यातले स्थानिक जीवाणू त्याला टिकू देतात का? राणीपर्यंत परिणाम पोचतो का? आणि जनुक काढलेल्या जीवाणूशी तुलना केली आहे का? सिनॉप्सिस लिहिण्याआधी या चार प्रश्नांची उत्तरं कागदावर मांडून बघा. एखाद्याचं उत्तर मिळालं नाही, तर तुमचा विषय कदाचित तिथेच असेल.